सोलर झकास, ब्लॉक ठीक, खिडकी अर्धवट : ऐरोलीतल्या नव्या घराचे अकरा महिने

काल खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरशी पुन्हा वाजलं. खिडकीचा रोलर बदलायला बोलावलं होतं, तर मलाच ऐकवतो, "साहेब, अख्ख्या ऐरोलीत स्लायडिंगच आहे. तक्रार तुमची एकट्याचीच." म्हटलं, ठीक आहे, लिहूनच टाकतो.

नवी मुंबईतल्या ऐरोलीत सिडकोचं जुनं रो हाऊस पाडून तळ अधिक एक बांधलं आणि गेल्या पाडव्याला राहायला आलो. नकाशा काढण्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, विजेचं बिल. त्यासाठी विटांऐवजी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे), गच्चीवर ऊन परतवायला पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आणि तीन किलोवॉटचं सोलर एवढं केलं. हे भराभर उरकतो.

सोलर झकास. केंद्राच्या योजनेचं ७८,००० रुपये अनुदान खात्यात आलं. मे महिन्यात ३६० युनिट झाली, जुलैत १८० सुद्धा नाहीत. तरी बिघडलं नाही, कारण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज कंपनीला देऊन बिलात वळती करून घेण्याच्या सोयीत, शिल्लक युनिटं मार्चअखेरपर्यंत पुढे ओढली जातात. एप्रिल-मेची कमाई आषाढ-श्रावणात खाता येते. लाईट गेली की मात्र आपलं सोलरही बंद पडतं. आपली वीज तारेत जाऊ नये म्हणून, लाईनमनच्या जिवासाठी, ते तसंच असायला हवं. पण शेजारचे काका दर वेळी गॅलरीतून विचारतात, "काय हो, सूर्य गेला का?"

ब्लॉकच्या भिंती लाल विटेपेक्षा कमी तापतात, खिळा मात्र धरत नाहीत. देवघराचा कप्पा दोनदा खाली आला, मग स्क्रूसाठी भिंतीत बसवायचे वेगळे फिशर आणले. पंखे तीस-पस्तीस वॉटवर चालतात, जुने पंचाहत्तर खायचे. रेग्युलेटर नको म्हणणारा शहाणा मीच होतो. आता रिमोट सोफ्यात हरवला की आई टेबलावर चढायची धमकी देते.

आता खिडकी.

ऐरोलीच्या पश्चिमेला खाडी. दुपारनंतरचा वारा तिकडूनच येतो आणि दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच. म्हणजे पश्चिम बंद केली तर वाऱ्याला मुकलो, उघडी टाकली तर भाजलो. आमच्या पाडलेल्या घराची खिडकी लाकडी होती. दोन्ही झडपा ढकलल्या की सगळीच उघडायची. नव्या घरात मी हौसेने पाच बाय चार फुटांची स्लायडिंग घेतली, दोन काचा एकमेकींमागे सरकणारी, पावडर कोटिंगवाली.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांच्या ऊर्जाबचतीसाठी 'इको निवास संहिता' आणली. ती आली तेव्हा ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती, आमच्या मूठभर प्लॉटसाठी नव्हे. पण त्यातला एक आकडा मला बांधकामाआधी कळायला हवा होता. आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत घराच्या चटई क्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, इतकी खिडकी उघडणारी हवी. शब्द नीट वाचा, उघडणारी. दोन काचांची स्लायडिंग तिथे निम्मीच धरतात, झडपांची खिडकी ९० टक्के. तोच हिशोब एका खोलीला लावला, तर माझी खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट, त्यामुळे २० चौरस फूट हवेत. खिडकी बरोबर २० फुटांचीच आहे! उघडते १०. पैसे मी विसाचे भरले.

पहिल्या उन्हाळ्यात खोली तापण्याचा सगळा दोष मी खिडकीवरच्या छज्ज्यावर ढकलला होता. आर्किटेक्टने दोन फुटांचा सांगितला होता, मी खर्च वाचवायला एक फुटाचा केला. वर्षभर स्वतःला शिव्या घातल्या. आता मत बदललंय. चारनंतरचं ऊन इतकं तिरपं येतं की दोन फुटांनीही ते अडलं नसतं. शेवटी खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक टांगली, तिने काम केलं. बाहेरूनच टांगायची बरं का. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर घर तापलेलं असतं.

त्यात पाऊस. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे रोजीच आला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. आमच्या घराची ती पहिलीच परीक्षा. रात्री दोनला मुलगी ओरडली, "बाबा, गादी ओली!" ट्रॅकमध्ये बोटभर पाणी साचून आत सांडत होतं. सकाळी बाहेरून बघितलं, तर पाणी निघायची भोकं खालच्या पट्टीत होती, पण सिलिकॉन मारताना फॅब्रिकेटर पठ्ठ्याने तीच बुजवली होती. फोन केला की "उद्या माणूस पाठवतो". आठ दिवस झाले. शेवटी आईने माळ्यावरून जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन काढून दिली. ती घालून एकेक भोक मोकळं केलं आणि चहाच्या गाळण्यातून पडावं तसं पाणी बाहेर पडलं. सेवेचं शुल्क शून्य. त्याने मात्र नंतर भेट-शुल्क म्हणून तीनशे मागितले!

बाहेर उघडणाऱ्या झडपा का नाही लावल्या, असं विचाराल, तर ग्रिल. बाहेर ग्रिल असली की झडप बाहेर उघडत नाही, आत उघडली तर मच्छरजाळी कुठे बसवायची? आणि खाडीकाठी जाळीशिवाय संध्याकाळ काढून दाखवा. म्हणजे तोडगा आहे, पण तो नकाशावर असतानाच. ग्रिल दोन फूट पुढे काढा, किंवा झडप आत आणि घडीची जाळी ग्रिलच्या बाजूला. प्लास्टर झाल्यावर सुचून उपयोग नाही. मला प्लास्टर झाल्यावरच सुचलं.

दिवाळीनंतर आईच्या खोलीत प्रयोग केला. स्लायडिंग काढून आत उघडणाऱ्या दोन झडपा बसवल्या, सुताराकडून, फॅब्रिकेटरकडून नाही. परवा दुपारी तीनला दोन्ही खोल्यांत तापमापी ठेवली. माझ्या खोलीत ३३, तिच्या खोलीत ३१. एसीचा प्रश्नच नाही, ती पंखाही एक नंबरवर ठेवते. माझ्याकडे एसी २६ वर आणि मन मात्र ३३ वर.

तक्रार तिथेही आहेच. वारा सुटला की झडप भिंतीवर दाणदिशी आपटते, कारण सुताराने अडकवायची कडी लावलीच नाही. आईने तिथे वरवंटा ठेवलाय. आता चटणी वाटायची असली की आधी खिडकी लावावी लागते.