सायलेन्सरची वाफ की कूलंटचा धूर?
1 लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते, आणि डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला गाडी सुरू करताच सायलेन्सरमधून निघणारी विरळ पांढरी वाफ बहुधा त्याच पाण्याची असते; ती हवेत चटकन विरते आणि सायलेन्सर तापला की दिसेनाशी होते. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधली सील) फुटून सिलिंडरमध्ये शिरलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, धूर मात्र दाट असतो, इंजिन गरम झाल्यावरही रेंगाळतो आणि कूलंटमधील ग्लायकोल या रसायनामुळे त्याला गोडसर वास येतो. नुसत्या रंगावरून निदान करणे मला पटत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतील कूलंटची पातळी पाहावी, ती वारंवार घटत असल्यास गाडी न चालवता टो करून गॅरेजला न्यावी. ऑइलच्या झाकणाखालची दुधी साय हा गॅस्केट फुटल्याचा तितका भरवशाचा पुरावा नाही, कारण थंडीत जवळच्या फेऱ्यांनीही ती धरते.