इन्कोनेल ७३८एलसी पावडर: घनता ९९.९ टक्के, तरी आत भेगा

इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूची पावडर चांगली जमली की लेसरने धातू प्रिंट करणारे मशीनवाले ७३८एलसी या दुसऱ्या निकेल मिश्रधातूच्या पावडरीकडे वळतात. मोह समजण्यासारखा आहे. ७१८ साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या वर दमते, ७३८एलसी मात्र ९८० अंशांच्या आसपासही क्रीपला (उष्णतेत ताणाखाली सावकाश लांबत जाण्याला) तोंड देते आणि टर्बाइनमधल्या गरम गंजालाही पुरून उरते. फक्त हा मिश्रधातू मुळात ओतकामासाठी बनलेला आहे, वेल्डिंगसाठी नाही. आणि लेसर प्रिंटिंग म्हणजे शेवटी हजारो बारीक वेल्डच.

१५ ते ४५ मायक्रॉनची, वितळलेला धातू गॅसच्या झोताने फवारून बनवलेली पावडर बेडवर नीट पसरते. तिथे तक्रारीला जागा नाही.

अडचण रसायनात आहे. ॲल्युमिनियम ३.४ आणि टायटॅनियम ३.४, बेरीज ६.८ टक्के. ७१८ मध्ये हीच बेरीज दीडच्या आसपास असते, म्हणून ती वेल्डिंगला सोशीक. शिवाय झिर्कोनियम, बोरॉन आणि सिलिकॉन गोठताना शेवटच्या द्रवात गोळा होतात. डेंड्राइटच्या (गोठताना फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या) मधला तो पातळ द्रव थर गोठायच्या आत आजूबाजूचा धातू आकसतो, ओढ बसते आणि ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) सीमेवर तडा जातो. सर्टिफिकेटवर ‘मर्यादेत’ एवढेच लिहिलेले असेल तर मान्य करू नका. झिर्कोनियमची मर्यादा ०.०३ ते ०.०८ टक्के आहे. खालच्या टोकाचा लॉट मागा. शून्यावर आणायचा हट्टही नको, कारण क्रीपमध्ये ग्रेनच्या सीमा धरून ठेवायला तोच कामी येतो.

आता घनतेचा घोळ. पाण्यात तोलून ९९.९ टक्के आली म्हणून जॉब पास करणे हा या पावडरीतला सगळ्यात महाग पडणारा समज. भेगेची रुंदी काही मायक्रॉन, तिचे आकारमान नगण्य. वजनात ती दिसणार कुठून? मोठ्या जॉबच्या सीटी स्कॅनमध्येही ती निसटते. चाचणीचा ठोकळा बिल्डच्या दिशेने उभा कापा, १ मायक्रॉन डायमंडपर्यंत पॉलिश करा आणि एचिंग (आम्लाने पृष्ठभाग कोरणे) न करताच मायक्रोस्कोपखाली धरा. थरांमागून थर ओलांडत वर चढणाऱ्या वाकड्यातिकड्या काळ्या रेषा दिसल्या की समजायचे. भेग उघडून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) पाहिली आणि डेंड्राइटची गोलसर टोके दिसली, तर ती गोठतानाची भेग.

७१८ चे सेटिंग जसेच्या तसे लावून चालत नाही. २०० वॉट, सेकंदाला १००० मिमी, हॅच (लेसरच्या शेजारच्या रेघांमधले अंतर) ०.१ आणि थर ०.०३ मिमी धरले तर घन मिलिमीटरला ६७ जूल ऊर्जा पडते. पण तीच ६७ वेगळ्या वॉटला आणि वेगळ्या वेगाला आली की भेगांचे चित्र पार बदलते. वेग वाढवून भेगा कमी करायला जावे तर थर एकमेकांत न मुरल्याची छिद्रे सुरू होतात. बेस प्लेट २०० अंशांवर ठेवून तर फारसे काही साधत नाही. हजार अंशांच्या आसपास बेड तापवणारे इलेक्ट्रॉन बीम मशीन या धातूला जास्त मानवते, मात्र पृष्ठभाग खरखरीत मिळतो.

बिल्ड सुटला तरी भट्टी उरतेच. लेसरखाली धातू इतका झपाट्याने थंड होतो की गॅमा प्राइम (निकेल, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचे बळ देणारे बारीक कण) जवळपास बनतच नाही. तो बनतो नंतर भट्टीत, साधारण ७०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात, आणि तेव्हा आतला ताण अजून सुटलेला नसतो. जड प्लेटसकट जॉब सावकाश तापवला की नेमका याच पट्ट्यात रेंगाळतो आणि फुटतो. हा पट्टा जितका लवकर ओलांडता येईल तितका ओलांडा. ११२० अंशांना २ तास आणि मग ८४५ ला २४ तास, हे ठरलेले चक्र त्यानंतरचे.

काम ६५० अंशांच्या खालचे असेल तर ही पावडर घेऊच नका. घेतलीच तर हिपिंगचा (गरम गॅसच्या प्रचंड दाबाखाली जॉब दाबण्याचा) खर्च पहिल्या दिवशीच धरा. हिपिंग आतल्या भेगा मिटवते. पृष्ठभागावर उघडणाऱ्या भेगेत मात्र गॅसच शिरतो आणि ती तशीच राहते. त्या मशीनिंगमध्ये निघून जातील एवढे मटेरियल डिझाइनमध्येच सोडावे लागते.