रूट्स: १९७७ची की २०१६ची?
'रूट्स' ही आफ्रिकेतून पकडून अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या कुंटा किंटेची आणि त्याच्या वंशजांची टीव्ही सिरियल, दोनदा बनलेली. दोन्ही बघाच, पण गुलामांच्या जहाजाचा भाग लागोपाठ बघा. १९७७च्या सिरियलमध्ये जहाजाच्या कॅप्टन डेव्हिसला केवढा वेळ दिलाय, देवभोळा, मनाला टोचणी लागलेला माणूस, बहुतेक गोऱ्या प्रेक्षकांना कोणीतरी बरा वाटावा म्हणून, पण डेकखाली माणसं साखळ्यांत कोंबलेली असताना त्याची घालमेल बघून माझा तर संताप होतो. २०१६ची चार भागांची, तिच्यात आपण जास्त करून कुंटासोबत खालीच असतो, अंधारात, आणि गांबियातलं कुंटाचं गाव जुफुरेसुद्धा इथे गजबजलेलं, घोड्यावरच्या मांडिंका (कुंटाची जमात) योद्ध्यांचं आहे. जहाजासाठी नवीनच बघा. पण कुंटाला, मालकाने दिलेलं 'टोबी' हे नाव म्हण म्हणून चाबकाने फोडतात तो सीन मात्र जुन्यातला, त्यात कुंटा झालेल्या लेवार बर्टनला तोड नाही.