रात्री साडेआठचा नंबर: कुपवाड रस्त्यावरील एका दवाखान्याविषयी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी गेली अकरा वर्षे स्टोअर सांभाळतो. सकाळी आठला पंचिंग होते आणि संध्याकाळी सव्वासात-साडेसातच्या आधी मी सहसा फाटकाबाहेर पडत नाही, कारण दिवसभरात दिलेल्या मालाचा हिशेब रात्रपाळीच्या माणसाला समजावून दिल्याशिवाय स्टोअरची किल्ली हातावेगळी करता येत नाही. मध्येच बाहेर जायचे तर गेटपास लागतो, आणि तो दोन तासांपेक्षा लांबला की अर्ध्या दिवसाचा खाडा पडतो. हे आधी सांगितले, कारण ज्या दवाखान्याविषयी मी लिहीत आहे त्याचे मोल मला याच वेळापत्रकामुळे कळले. ज्यांना दुपारी सवड असते त्यांना तो चार दवाखान्यांसारखाच वाटेल.

सांगलीत राहून डॉक्टरची वेळ मिळत नाही अशी तक्रार करणे बाहेरगावच्या माणसाला विचित्र वाटेल. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले, १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आजही कर्नाटकातून रुग्ण उपचारांसाठी मिरजेला येतात. परंतु बहुतेक ठिकाणी तपासणीची मुख्य वेळ सकाळी दहा ते दुपारी एक-दीडची असते आणि नेमक्या त्याच वेळी आमची सारी वसाहत फाटकाच्या आत असते. संध्याकाळची वेळ पाच ते सात म्हणून पाटीवर लिहिलेली असते. तेव्हा आमच्याकडे शेवटच्या गाडीचा माल भरणे चालू असते.

गेल्या वर्षी जूनमध्ये कंपनीतील वार्षिक आरोग्य तपासणीत माझा रक्तदाब १५८/९८ आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी फिजिशियनला दाखवण्याची चिठ्ठी दिली आणि ती चिठ्ठी तीन महिने माझ्या पाकिटात राहिली. मी आळस केला असे घरच्यांना वाटले, पण ते खरे नव्हते. शहरातील ज्या मोठ्या रुग्णालयात मला जायचे होते तेथे नंबर फक्त सकाळी अकरा ते बारा या वेळेत फोनवर लावता येत असे आणि आमचे मोबाइल त्या वेळी लॉकरमध्ये असतात. शेवटी पत्नीने चार दिवस प्रयत्न करून नंबर मिळवला. वेळ पाचची होती, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. प्रत्यक्षात साडेसातला आत गेलो. तेवढ्या वेळात औषध कंपन्यांचे चार विक्री प्रतिनिधी, म्हणजे एम. आर., माझ्यासमोरून आत जाऊन आले. डॉक्टरांनी चार-पाच मिनिटांत तपासून महिन्याच्या गोळ्या लिहिल्या आणि सकाळी उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी रक्त देऊन, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन येण्यास सांगितले. त्यांच्या सांगण्यात वैद्यकीय चूक काहीच नव्हती. पण मला ते आणखी दोन खाडे होते. मी गेलो नाही. महिन्याने गोळ्या संपल्या आणि नव्या आणल्या नाहीत. रक्तदाबाची गोळी थांबवली तरी काही दुखत नाही, ठणकत नाही, त्यामुळे तिची आठवण शरीर करून देत नाही, ही या आजारातील सर्वांत धोक्याची गोष्ट आहे.

येथे विम्याचा उल्लेख करणे भाग आहे. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० रुपये झाली तेव्हा मी तिच्यात होतो. पुढे पगार मर्यादेच्या वर गेला आणि वर्गणीची ती सहामाही संपल्यावर माझे कार्ड बंद झाले. त्या योजनेत आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि आमच्या अनेक सहकाऱ्यांची घरे त्या रकमेवर तरली आहेत. मात्र ती रक्कम, माणूस कामावर जाण्यास असमर्थ आहे असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तेव्हा मिळते. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी रक्तदाब दाखवून येण्यासाठी जे दोन तास लागतात, ते कोणत्याच रजेच्या रकान्यात बसत नाहीत.

डिसेंबरमध्ये मोल्डिंग विभागातील एका सहकाऱ्याने मला या दवाखान्याचे नाव सांगितले. विश्रामबागहून कुपवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत तो आहे. डॉक्टर मॅडम एम. डी. मेडिसिन आहेत, दुपारचा वेळ त्या मिरजेतील एका रुग्णालयात देतात आणि येथे सकाळी दहा ते एक व संध्याकाळी साडेसात ते साडेदहा बसतात. दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही, कारण लिहू का असे विचारले असता मॅडमनीच नको म्हटले: संध्याकाळचे नंबर आधीच पुरत नाहीत, आणि बाहेरून गर्दी वाढली तर ज्यांच्यासाठी ही वेळ ठेवली आहे तेच मागे पडतील, अशी त्यांची भीती आहे. वसाहतीत कोणालाही विचारले तर तो सापडेल.

या दवाखान्याची खरी खुबी नंबर देण्याच्या पद्धतीत आहे. संध्याकाळचा नंबर दुपारी एक ते दोन या वेळेत फोनवर लावला जातो, म्हणजे नेमका आमच्या जेवणाच्या सुट्टीत. फोन घेणाऱ्या ताई पहिला प्रश्न आजाराविषयी विचारत नाहीत; ‘तुमची सुट्टी किती वाजता होते आणि गाडी आहे का,’ असे विचारतात आणि त्यावरून वेळ देतात. प्रत्येक अर्ध्या तासात चारच नंबर असतात आणि पाचवी जागा तातडीच्या रुग्णासाठी मोकळी ठेवलेली असते. त्यामुळे मध्येच कोणी छातीत दुखते म्हणून आला तरी पुढची रांग कोलमडत नाही. एम. आर. मंडळींना सकाळचे रुग्ण संपल्यावरच भेट मिळते. आणि उशीर होणार असेल तर सातच्या सुमारास फोन येतो. मला दोनदा आला. ‘काका, मॅडमना आज वीस-पंचवीस मिनिटं उशीर आहे. तुम्ही नऊच्या हिशेबानं निघा,’ एवढेच वाक्य. पण त्या वाक्यामुळे मी घरी जाऊन जेवून येऊ शकलो. आजवर सात वेळा गेलो आहे आणि एक शनिवार वगळता पस्तीस मिनिटांपेक्षा अधिक थांबावे लागलेले नाही. आमच्या स्टोअरमध्ये माल कधी येणार हे पुरवठादाराने खरे सांगितले तर उशीरही सोसता येतो. वेळेचेही तसेच आहे.

मॅडमच्या तपासणीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. पहिल्या दिवशी जिना चढून मी थेट आत गेलो, तेव्हा त्यांनी यंत्र लावलेच नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसायला सांगितले. गेल्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली आहे का हे विचारले. मग दोन्ही हातांवर आणि त्यानंतर थोड्या अंतराने पुन्हा एकदा रक्तदाब घेतला. हात हृदयाच्या पातळीवर राहावा म्हणून टेबलावर उशी ठेवली. इतक्या वर्षांत माझा रक्तदाब अनेकांनी मोजला आहे, बहुतेकांनी मी बोलत असताना, शर्टाच्या बाहीवरूनच. त्या दिवशीचा आकडा १५२/९४ होता, म्हणजे १४०/९० या मर्यादेच्या वरच. त्यामुळे निदान बदलले नाही, पण आकड्यावर माझा विश्वास बसला.

साखर तपासण्यासाठी त्यांनी उपाशीपोटीच्या रक्ताचा आग्रह धरला नाही. एचबीएवनसी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते आणि तिला उपाशी असण्याची गरज नसते, हे समजावून त्यांनी त्याच रात्री, पावणेनऊ वाजता, नमुना घेतला. मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी त्यातच झाली आणि ईसीजीही तेथेच निघाला. माझा आकडा ६.१ टक्के आला. ६.५ पासून मधुमेह धरतात आणि ५.७ ते ६.४ ही त्याची पूर्वपायरी मानतात, तेव्हा औषध लागले नाही, पण इशारा मिळाला. ज्या तपासणीसाठी मला दोन खाडे पडणार होते, ती एका फेरीत आणि तीही सुट्टीनंतर झाली. ही तपासणी प्रत्येकाला पुरेशी ठरते असे नाही, रक्तक्षय असेल तर तिचा आकडा फसवू शकतो, हेही त्यांनी सांगितले आणि म्हणून हिमोग्लोबिन आधी पाहिले.

गोळी त्यांनी दिवसातून एकच ठेवली. दुपारची गोळी कामाच्या धांदलीत विसरली जाते हे मला सांगावे लागले नाही. आहाराविषयी त्यांनी छापील कागद हातात दिला नाही. कंपनीत पाच वाजता चहाबरोबर काय खाता असे विचारले. आमच्याकडे त्या वेळी भडंगाचा पुडा फुटतो, हे सांगलीच्या माणसाला वेगळे सांगायला नको. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवे, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक चमचा, आणि त्यातले बरेच भडंग, लोणचे व पापड यांतूनच जाते, हे त्यांनी हिशेब करून दाखवले. उन्हाळ्यात भट्टीजवळच्या कामगारांसाठी लिंबू-मिठाचे पाणी केलेले असते आणि स्टोअरमध्ये बसून मीही ते प्यायचो. भट्टीवर घाम गाळणाऱ्याला ते लागते, तुम्हाला लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझे काम नेमके कोठे बसून चालते हे त्यांनी आधी विचारले होते, म्हणूनच हा सल्ला त्यांना देता आला.

पुढील फेऱ्या कमी करण्याचा मार्गही त्यांनीच काढला. दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र मी विकत घेतले आणि भेटीच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी वहीत लिहू लागलो. घरी मोजलेल्या रक्तदाबाची मर्यादा १३५/८५ धरतात. माझी सरासरी मार्चपासून त्याखाली आहे. त्यामुळे महिन्याची भेट आता तीन महिन्यांवर गेली आहे.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला मी तेथे नेऊ शकत नाही, आणि हृदयाचे रुग्ण जिना चढून येतात हे पाहताना मन शांत राहत नाही. बसायला आठच खुर्च्या आहेत. रविवारी दवाखाना बंद असल्याने शनिवारी रात्री चार नंबरांचा नियम मोडतो; एप्रिलमधील एका शनिवारी, हळदीच्या हंगामात, मार्केट यार्डातील हमाल व तोलाईदार मंडळी हिशेब उरकून एकदमच आली आणि मला पावणेदोन तास थांबावे लागले. फीही कमी नाही: पहिल्या वेळी ५०० आणि नंतर प्रत्येक भेटीस ३००. माझ्यासारख्या कायम कामगाराला ती परवडते, कारण अर्ध्या दिवसाचा खाडा त्याहून महाग पडतो. पण आमच्याच कंपनीतील ठेकेदाराकडचा मुलगा ते ऐकून गप्प झाला.

त्याच्यासाठी दोन सरकारी सोयी सांगतो. राज्य शासनाने १ मे २०२३ पासून सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवलेली आहे आणि तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. ही वेळ ठरवताना कोणीतरी कामगाराचा दिवस डोळ्यांसमोर ठेवला होता हे उघड आहे. दुसरी सोय ई-संजीवनीची: १३ एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनच मोबाइलवर डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येते आणि औषधाची चिठ्ठी मोबाइलवरच मिळते. चालू औषधे पुढे सुरू ठेवायची असतील आणि जवळ नोंदवही असेल तर तिचा चांगला उपयोग होतो. मात्र रक्तदाबाचे पहिले निदान व्हायचे असेल तर दंडाला पट्टा बांधावा लागतो, छातीला नळी लावावी लागते, आणि तेथे समोरासमोरची भेट टाळता येत नाही.

शनिवारच्या गर्दीविषयी मी मॅडमशी बोललो. हंगामाच्या महिन्यांत शुक्रवारची वेळ अर्ध्या तासाने वाढवून पाहू, असे त्या म्हणाल्या. तूर्तास जाणाऱ्यांनी शनिवार टाळावा, दुपारी एकच्या ठोक्यालाच फोन लावावा, कंपनीच्या तपासणीचे जुने कागद बरोबर न्यावेत, आणि जिना चढून गेल्यावर बाहेरच्या खुर्चीवर पाच मिनिटे शांत बसून मगच आत जावे.