बीजीएमआय बाजूला ठेवून आठ महिने: कधी न खेळलेल्या प्रकारांचा अनुभव

मी काही हाडाचा गेमर नाही. सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आवक-जावक आणि हिशेब बघतो. 2018 ला फोनवर पबजी आलं तेव्हापासून रात्री जेवल्यावर चौघांचा स्क्वॉड, एवढाच माझा गेमशी संबंध. 2020 ला बंदी आली, मग त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आलं, तेही 2022 ला गायब झालं आणि 2023 ला परत आलं. आम्ही आपले प्रत्येक वेळी हजर. गेल्या जूनमध्ये मात्र स्क्वॉडच फुटला. एक पुण्याला गेला, एकाला मुलगी झाली, तिसऱ्याला रात्रपाळी लागली. अनोळखी पोरांच्या शिव्या खात खेळायचं माझं वय राहिलेलं नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, तू इतकी वर्षं एकच पिक्चर बघतोयस." त्यानं त्याचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारला. 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी मेलेली, चार्जर निघाला की खेळ खलास. वर अट घातली: ज्या प्रकाराला आजवर हात लावला नाही तसलेच गेम खेळायचे आणि आवडो न आवडो, प्रत्येकाला दहा तास द्यायचे.

दहा तास म्हणजे मला जाच वाटला होता. आता वाटतं, सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत, 2 तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात. आपल्या मशीनवर गेम चालतो का, हे बघायला ही सोय उत्तम. पण अनोळखी प्रकाराचा निकाल दोन तासांत लावायला गेलं की घोळ होतो, कारण तेवढ्यात आपण नवा गेम खेळायलाच लागलेले नसतो. हाताला लागलेली जुनी खोड तिथंही चालवत असतो. माझं दर वेळी हेच झालं.

पहिला घेतला स्ले द स्पायर. पत्त्यांचा आहे, लॅपटॉपला झेपेल एवढाच विचार. मनोरा चढत जायचा, वाटेतल्या लढाया पत्त्यांनी लढायच्या. आयर्नक्लॅड नावाचा गडी, त्याची हेल्थ 80 आणि 10 पत्ते: पाच वाराचे, चार बचावाचे, एक बॅश. पत्ते टाकायला दर टर्नला 3 एनर्जी. मेलं की सगळं जातं, पुन्हा तळापासून सुरुवात. या जातकुळीला रोगलाइक म्हणतात, 1980 च्या ‘रोग’ नावाच्या गेमवरून. आपल्या रोगाशी त्याचा संबंध नाही, पण लागतो तसाच.

लढाई जिंकली की तीन पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्यायचा. बीजीएमआयमध्ये घरात शिरलं की दिसेल ते उचलून बॅग भरायची सवय, त्यामुळे मी इथंही दर वेळी एक उचललाच. नको असेल तर सोडून देता येतो, त्याचं बटण तिथंच असतं, ते मला चार दिवस दिसलं नाही. माझे पत्ते तीसच्या वर गेले आणि बचावाचा पत्ता पाहिजे तेव्हा हातात येईना. त्यात सुरुवातीच्याच मजल्यांवर ग्रेमलिन नॉब नावाचा एक धटिंगण बसलेला. आपण स्किलचा कुठलाही पत्ता टाकला की तो चिडतो आणि त्याची ताकद 2 नं वाढते. बचाव हाही स्किलच. म्हणजे मी जितकं अंग चोरणार तितका तो जोरात हाणणार. अकरा वेळा मेलो. मोजले होते.

बायको शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं सहज विचारलं, "हे झब्बूसारखं आहे का? पानं कमी करायची असतात का?" मी म्हटलं, छे. आणि मग दुकानाच्या पडद्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. 75 सोनं दिलं की आपला एक पत्ता कायमचा काढून टाकता येतो, पुढच्या वेळी 25 जास्त. पैसे देऊन आपलाच पत्ता कोण फेकेल, म्हणून मी तिकडे बघतच नव्हतो. त्या रनमध्ये दोन साधे वार काढून टाकले, नवे पत्ते मोजकेच घेतले, आणि नॉब आला तेव्हा बचाव न करता सरळ वारावर वार केले. चौथ्या टर्नला तो आडवा झाला. तेव्हा माझा नववा तास चालू होता. दोन तासांवर परत केला असता तर ‘पत्त्यांचे गेम म्हणजे निव्वळ नशीब’ असं ठाम मत घेऊन मी आजही फिरलो असतो.

दुसरा स्टारड्यू व्हॅली. शेतीचा. 2016 ला आलेला, एरिक बॅरोन या एका माणसानं चारेक वर्षं एकट्यानं बसून केलेला. चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. मी घेतला तो जरा खोडसाळपणे. आमची मूळची शेती तासगाव तालुक्यात, आण्णांनी तीस वर्षं द्राक्षबाग केली. म्हटलं बघू तरी हा काय शेती शिकवतोय.

पहिले चार तास मी त्यात नुसता पळत होतो. एक दिवस म्हणजे खरी चौदा मिनिटं, सकाळी सहाला उठायचं, रात्री दोनपर्यंत झोपलं नाही तर गडी जागेवर कोसळतो. मला वाटलं, वेळेशी शर्यत आहे. रोज झाडं तोड, दगड फोड, खाणीत उतर. दुपारीच एनर्जी संपायची आणि गडी पाय ओढत चालायचा. मासेमारीबद्दल तर बोलायलाच नको. एक हिरवी पट्टी उड्या मारणाऱ्या माशाच्या मागं नाचवायची, आणि या लॅपटॉपचा माउस अडखळतो. पंचवीस मोजले की मिळणारा शिकाऊ गळ आहे हे मला फार उशिरा कळलं. त्यानं हाताला वळण लागतं, पण साधेच मासे मिळतात.

मग शरद ऋतू आला आणि दुकानात द्राक्षाची रोपं दिसली. मी एकदम पंचवीस घेतली. पाच बाय पाचचा चौकोन खणला, सगळी लावून टाकली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी पाणी घालायला गेलो तर आत जाता येईना. या गेमात मांडवावरच्या पिकातून चालत जाता येत नाही. कडेच्या सोळा वेलींना पाणी मिळालं, मधल्या नऊ कोरड्या. नेमके तेव्हाच आण्णा मागं येऊन उभे राहिलेले. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन ओळीत नऊ फूट सोडत्यात. लहानपणी तुला काय दिसलं नाही व्हय बागंत?"

तेव्हापासून आण्णा रोज बघायला लागले. त्यांचे आक्षेप लिहून ठेवण्यासारखे आहेत. छाटणी नाही. एप्रिलची खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची फळछाटणी नाही. दावण्या नाही, भुरी नाही, कुठलाच रोग नाही, औषध मारायचा पंप नाही. वेल लावल्यापासून दहा दिवसांत द्राक्षं, मग दर तीन दिवसांनी तोडा. "असं असतं तर मी मुंबईत बंगला बांधला असता." पण हंगाम बदलला की पीक एका रात्रीत जळून जातं, हे त्यांना पटलं. म्हणाले, हे खरं आहे, एका रात्रीत जातं.

माझी खरी गंमत पुढं झाली. 2024 मध्ये आलेल्या 1.6 च्या अपडेटमध्ये फळं वाळवायचं यंत्र मिळतं. त्याची कृती पियरच्या दुकानात 10,000 ला विकत घ्यावी लागते. त्यात पाच द्राक्षं टाकली की दुसऱ्या दिवशी सकाळी बेदाणा! मी दिवसभर बेदाणा बघतो, रात्री घरी येऊन बेदाणा करत बसलो. आमच्याकडं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवून शेडमधल्या जाळीवर पसरतात, पंधरवडा जातो, त्यात अवकाळी पाऊस आला की शेतकऱ्याचा चेहरा बघवत नाही. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा पडतो. गेममध्ये पाचाला एक. आण्णा म्हणाले, "उतारा कमी आहे, पण रात्रीत होतोय, परवडतंय."

तक्रारही आहे. यात झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. बॅटरी मेलेली, त्यात जुलैत आमच्याकडं लाइट कधीही जाते. मी पूर्ण तीन दिवसांची शेती गमावली आहे, एकदा सणाचा दिवसही. आता इन्व्हर्टरवर एक वेगळा पॉइंट काढून घेतलाय. जुन्या लॅपटॉपवर असले गेम खेळणाऱ्यांनी तेवढं आधी करावं.

इन्टू द ब्रीचबद्दल थोडक्यात. 2018 चा, आठ बाय आठचा पट, तीन यंत्रमानव विरुद्ध जमिनीतून येणारे किडे. बुद्धिबळात समोरच्यानं पुढची चाल आधीच सांगून टाकली तर कसं होईल, तसा. इथंही माझी खोड आडवी आली. मी मारत सुटलो. एक किडा मारायचो आणि उरलेले दोघं आपण राखायच्या इमारती पाडायचे. हा गेम मारायचा नाहीच, ढकलायचा आहे. किड्याला एक घर सरकवलं की त्याचा वार त्याच्याच जोडीदारावर पडतो. पहिल्यांदा तसं जमलं तेव्हा कॅरममध्ये समोरच्याची सोंगटी अडवल्याचं समाधान मिळालं. लढाई काही टर्नमध्ये संपते, जेवणाच्या सुट्टीत होते. मला सगळ्यात जास्त वेळा परत बोलावणारा गेम हाच.

दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याचे सौदे हिशेब मिटवायला काही आठवडे बंद असतात. त्या काळात फॅक्टोरिओ घेतला. खरं तर आधी डेमो खेळलो, तो फुकट आहे आणि भरपूर आहे. हा गेम सेलमध्ये स्वस्त होत नाही, कंपनीचं धोरणच तसं आहे, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. खाणीतून लोखंड-तांबं काढा, भट्टीत घाला, पट्ट्यावरून पुढं न्या. दोन लोखंडी प्लेटांचा एक गिअर, गिअर आणि तांब्याच्या प्लेटचं लाल सायन्स पॅक. ऐकायला रुक्ष. पण आमच्याकडं बेदाणा धुऊन-ग्रेडिंग होऊन पट्ट्यावरून येतो आणि कुठं तुंबला की अख्खी लाइन थांबते, ते मी रोज बघतो. गेममध्ये माझी लाइन तुंबली ती गिअरला. रात्री अडीच वाजता उठून मी बायकोला सांगितलं, गिअर कमी पडतायत. तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. छत्तीस तास झाल्यावर मीच तो काढून टाकला. वाईट म्हणून नव्हे. सौदे सुरू झाल्यावर कामावर जायचं होतं म्हणून.

बायकोबरोबर एकच गेम खेळलो, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोपचा, 2018 चा. 1807 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं, आपण विम्याचे तपासनीस. 60 माणसं, प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं हे वहीत भरायचं. तीन बरोबर आले की मगच वही ते पक्के करते, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. चित्रं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पहिला तासभर डोळे दुखले. इंग्रजीही जुन्या दर्यावर्दींचं. मी इथंही घाई करत होतो, दिसला माणूस की लिही नाव. बायको मात्र खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरचे आकडे बघत बसली आणि तिथून आम्हाला एकदम सहाजण सापडले. याहून जास्त सांगत नाही. एकदा उलगडला की हा पुन्हा खेळता येत नाही. माझ्या मते पैसे वसूल तिथंच झाले. तिच्या मते शेवटचे पाचसहाजण ओढूनताणून आहेत, आणि त्यात तथ्य आहे.

युरो ट्रक सिम्युलेटर 2, 2012 चा, सेलमध्ये अगदी किरकोळीत मिळाला. सुरुवात ब्रिटनमधून केली, तिथं आपल्यासारखं डावीकडून चालवायचं असतं म्हणून. छान आहे. झोप येते. त्यासाठीच लावतो.

विकत घेतलेल्यांपैकी एकाच गेमचे दहा तास पूर्ण झाले नाहीत, सेलेस्ट. उड्या मारत डोंगर चढायचा. लोक त्याला डोक्यावर घेतात आणि का ते दिसतंही: मेलं की क्षणात परत तिथंच उभं, ओरडा नाही, शिक्षा नाही. असिस्ट मोडमध्ये वेगही कमी करता येतो. तो लावूनसुद्धा माझी बोटं वळली नाहीत. त्यासाठी एक वापरलेला कंट्रोलर घेतला, त्याची डावी काडी आठवड्यात आपोआप डावीकडं जायला लागली, दुकानदार म्हणाला वापरलेल्याला गॅरंटी नसते. सहा तासांवर सोडला. अट मोडली म्हणून भाच्याला पार्टी द्यावी लागली, हरभट रोडवर भेळ आणि वर ऊसाचा रस.

खर्च सांगतो, कारण तो प्रश्न येणारच. आठ महिन्यांत चार हजारांच्या आसपास, फॅक्टोरिओ सोडून सगळे सेलमध्ये, यूपीआयनं. शिवाय एपिक स्टोअर हे स्टीमसारखंच दुसरं दुकान दर गुरुवारी काही ना काही फुकट देतं, आपल्याकडं रात्री साडेआठला किंवा थंडीत साडेनऊला. तिथून बरंच जमवलंय, पण फुकटच्या गेमाला मी दहा तास दिले असं एकदाही झालेलं नाही. चारशे रुपये मोजले की माणूस जरा तग धरतो.

बीजीएमआय अजून फोनवर आहे. पंधरा दिवसांपूर्वी पुण्याचा मित्र आला तेव्हा एक मॅच खेळलो. घरात शिरलो, समोर बॅग भरेल एवढा माल पडला होता, आणि मी उभा राहून काय सोडायचं याचा विचार करत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी उडवला. मित्र म्हणाला, "झोपलायस काय रं?"

आता फेब्रुवारीत नव्या मालाची आवक सुरू होईल, मग मेपर्यंत लॅपटॉप उघडणं होत नाही. स्टारड्यूत शरदाचा सतरावा दिवस चालू आहे. या वेळी ओळी सोडून लावल्यात. आण्णांनी सांगून ठेवलंय की ते एक-एक दिवस खेळत राहतील, फक्त मासे धरायला कुणी सांगू नये.