एक एचपीची घरगुती गिरणी: एकटीच्या घराला किती आधार?

नवरा वारलेला, सोडून गेलेला किंवा अंथरुणाला खिळलेला. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर घर एकटीनं ओढणाऱ्या बाईला कमाईचं साधन म्हणून हमखास दोन गोष्टी सुचवल्या जातात: शिलाई मशीन आणि पिठाची गिरणी. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या योजनांतही हीच जोडी असते. कपाटासारखी दिसणारी ही गिरणी यंत्र म्हणून चांगली आहे. अडचण एवढीच, की ती बनवली आहे घरच्या दळणासाठी आणि तिच्यावर भार टाकला जातो अख्ख्या संसाराचा.

तिच्यात दगड नसतो. एक एचपीची सिंगल फेज (घरच्या साध्या विजेवर चालणारी) मोटर मिनिटाला सुमारे 2,800 फेरे घेते, आसावरची पाती धान्य आपटून फोडतात आणि पीठ जाळीतून खालच्या डब्यात पडतं. बहुतेक गिरण्यांत जाळीचा आकडा जितका लहान तितकं पीठ बारीक. गहू तासाला 7-8 किलो धरावा, बारीक जाळीवर नागली (नाचणी) 5-6 किलोच. कंपनीच्या कागदावर यापेक्षा मोठा आकडा दिसतो, तो बहुधा जाड जाळीवरचा असतो.

आता हिशेब. किलोला 6 रुपये दळणावळ आणि रोज दोन तास काम धरलं, तर 16 किलोचे 96 रुपये होतात. तासाला साधारण एक युनिट वीज जाते, म्हणजे दिवसाला दोन युनिटं. ती वजा करून 80 रुपयांच्या आसपास हातात राहतात, महिन्याचे 25 दिवस धरले तर 2,000 रुपये. किराणा भागेल, पोरांची फी भागणार नाही. जास्त तास चालवावी म्हटलं तर चाळीसेक मिनिटांत मोटर आणि पीठ दोन्ही तापतात, मध्ये थांबावंच लागतं. न थांबता चालवणं ही मोटर जळण्याची पहिली पायरी.

दुसरी पायरी व्होल्टेज. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून कामावरून परतलेली बाई गिरणी लावते संध्याकाळी, आणि लांबच्या पाड्यावर दाब नेमका तेव्हाच पडलेला असतो. 230 व्होल्टच्या जागी 170-180 मिळालं की मोटर नुसती घुमते, फिरत नाही. तशीच दहा-पंधरा सेकंद ठेवली तरी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तापतं. घुमली की लगेच बटण बंद करायचं, धान्याची झडप पूर्ण लावायची, आतले दाणे काढायचे आणि रिकामी सुरू करून पाहायचं. व्होल्टेज ठीक असूनही घुमत असेल तर आधी कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा छोटा भाग) बदलून बघा. तो स्वस्त असतो, आणि गिऱ्हाईकाला माहीत नसलं की तेवढ्याच दोषासाठी मोटर भरायला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घ्यायला, सांगितली जाते. टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर इथं कामाचा नाही, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यापेक्षा पहाटे पाच ते सात दळावं. 16 अँपिअरचं सॉकेट आणि खरोखरची अर्थिंग मात्र हवीच. ओल्या भिंतीच्या घरात अर्थिंगशिवाय ही गिरणी लावू नये, हे कळकळीनं सांगावंसं वाटतं.

नागलीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण या भागात खरी कमाई तिच्यात आहे. दाणा मोहरीएवढा, झडप गव्हासारखी उघडली की भसकन आत घुसतो आणि जाळी तुंबते. झडप अगदी थोडीच उघडावी. खळ्यावरच्या नागलीत खडे असतातच. एक खडा पात्याची धार घालवतो, जाळी फाडतो. म्हणून पाखडणं, धुणं, मग दोन दिवस कडक ऊन. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओला आहे: पीठ जाळीला लिंपून बसेल आणि पिशवीत बुरशी धरेल. पापडासाठी बारीक जाळीतून काढून वर वस्त्रगाळ करावं लागतं. येवला-नांदगावकडे बाजरी असते, तिचं पीठ साठवून विकायच्या भानगडीत पडू नये, आठ-दहा दिवसांत कडवट होतं. मागेल तसं ताजं द्यावं.

दुसऱ्याचं दळण दळण्यापेक्षा स्वतःचं नागलीचं पीठ अर्ध्या किलोच्या पाकिटात नाशिकच्या आठवडे बाजारात विकणं फायद्याचं. त्यासाठी अन्न परवान्याची साधी नोंदणी लागते, फी वर्षाला 100 रुपये. पाच-सहा जणींचा बचत गट असेल तर एक एचपीच्या पाच गिरण्या घेण्यापेक्षा तीन एचपीचा एक पल्व्हरायझर (धंद्याचं मोठं दळणयंत्र) घ्यावा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत यंत्राच्या खर्चावर 35 टक्के अनुदान ठेवलं होतं, आणि गटाला सभासदामागं 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल.

विजेच्या दराची भीती घातली जाते. राहत्या घरात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला 300 युनिटांच्या आत असेल, तर महावितरणचा घरगुती दरच लागतो. मोठ्या गिरणीसाठी नवी जोडणी घेताना अर्जात ‘पिठाची गिरणी’ असंच लिहावं. ती औद्योगिक वर्गात येते, दुकानाच्या दरात नाही.

जिल्हा परिषदेच्या गिरणीच्या अनुदानाची सगळ्यांत जाचक बाजू म्हणजे पैसे नंतर येतात. डिसेंबर 2016 पासून वस्तूऐवजी रक्कम खात्यावर देण्याचं धोरण आहे, म्हणजे आधी पदरचे पैसे घालून खरेदी, मग बिल, मग अनुदान. एकट्या बाईकडे ती रक्कम नसते आणि ती सावकाराच्या दारात जाते. गटाच्या अंतर्गत कर्जातून ही मधली तंगी काढावी. बिल जीएसटीचं आणि तिच्याच नावाचं हवं, दिराच्या किंवा भावाच्या नावाचं बिल फाईल अडवतं.

विजेचं बिल अजून वारलेल्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर मीटरचं नाव बदलण्याचा अर्ज गिरणीच्या अर्जाआधी द्यावा. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती त्याला लागते, आणि वेळ जातो तो त्या संमतीत. खरेदीच्या दिवशीच दोन जाळ्या, एक कपॅसिटर आणि पिठाची कापडी पिशवी जादा मागून घ्यावी. पाड्यावर यातलं काही मिळत नाही.