पार्तागास डी-४ : पंचवीसची पेटी आणि ठाण्याची हवा

क्यूबन सिगारबद्दल आपण जे काही वाचतो ते बहुतेक थंड, कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. सिगार सुकू नये म्हणून त्यांची सगळी धडपड. ठाण्यात राहणाऱ्याची अडचण नेमकी उलटी. पार्तागास या क्यूबन ब्रँडच्या सेरी डी नंबर ४ (डी-४) सिगारची पेटी मी हिवाळा संपता संपता घरात आणली आणि पावसाळा उलटेपर्यंत पुरवून पुरवून ओढली. चवीचं पुढे येईलच, पण आधी साठवणुकीचं सांगतो, कारण इथे निम्मी चव डब्यातच ठरते असं माझं मत झालंय.

आकार रोबुस्तो. लांबी १२४ मिलिमीटर आणि जाडी ५०, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०. सरळ हिशेबात जेमतेम दोन सेंटीमीटर. वर लाल पट्टी. पार्तागास हे नाव हवानात १८४५ पासून आहे आणि कडक सिगार आवडणारे लोक वर्षानुवर्षं हाच ओढत आलेत. मेव्हण्याने पेटी दुबई विमानतळावरून आणली. परदेशातून येणाऱ्याला २५ सिगार ड्यूटी न भरता आणता येतात, म्हणजे बरोबर एक पेटी. हातात आल्यावर आधी ती उलटी करून पाहायची. बुडावर ‘हाताने बनवलेला’ असा स्पॅनिश छाप, कारखान्याचं सांकेतिक अक्षर आणि पॅकिंगचा महिना-वर्ष असतं. महिना स्पॅनिशमध्ये, त्यामुळे जानेवारीला ‘एने’ आणि डिसेंबरला ‘दिक’. ही तारीख फार कामाची आहे. माझी पेटी तशी ताजी होती, आणि ते पहिल्याच सिगारला कळलं.

पेटी उघडली तेव्हा गोठ्यासारखा, किंचित अमोनियाचा वास आला. निपाणीकडच्या माणसाला हा वास नवा नाही. आमच्याकडे विडीच्या तंबाखूच्या वखारीवरून जाताना नाकात असाच झणका बसायचा. पानं वळल्यानंतरही आत आंबण्याची क्रिया हळूहळू चालू असते, त्यामुळे कोवळ्या सिगारला हा वास असतोच. सुरुवातीच्या दिवसांत ओढलेले सिगार तिखट लागले. मिरी मिरी आणि नुसती मिरी, जिभेच्या शेंड्याला चरचर, मागे कडवटपणा. ‘एवढे पैसे यासाठी?’ असं वाटलंच. मग पेटी बाजूला ठेवली.

ठेवली कशात, तर झाकणाला रबर असलेल्या साध्या प्लास्टिकच्या डब्यात. देखण्या लाकडी ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगार ठेवायच्या खास पेटीच्या, मी वाटेला गेलो नाही. जुलैत बाहेरची आर्द्रता नव्वदीला टेकते तेव्हा त्या झाकणाच्या फटीतून ओल आत शिरते आणि आपण विकतची बुरशी पाळत बसतो. डब्यात लाकडी पेटी जशीच्या तशी आणि सोबत ६५ टक्के आर्द्रता राखणारी बोवेडा कंपनीची पाकिटं. ही पाकिटं ओल देतातही आणि शोषतातही. दुकानदार ६९ किंवा ७२ ची गळ्यात मारतील. किनारपट्टीवर राहत असाल तर घेऊ नका. आर्द्रतामापकावरही डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, पाणी घालून ओलं करायचं, पण विरघळू द्यायचं नाही. ते आणि मापक एका बंद पिशवीत दिवसभर ठेवायचं. काटा ७५ वर यायला हवा. माझा ८१ दाखवत होता. तेव्हापासून तो जे म्हणेल त्यातून सहा वजा.

उन्हाळ्यात दुसरी धास्ती असते किड्यांची. तंबाखूचा भुंगा पानात अंडी घालतो, गरमीत ती फुटतात आणि अळी सिगारला आरपार टाचणीएवढी भोकं पाडत जाते. क्यूबातून माल निघण्याआधी गोठवला जातो, तरी मे महिन्यात मी डबा पिशवीत गुंडाळून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवला, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये आणि मग बाहेर. एकदम बाहेर काढला तर वरचं पान तडकतं. घरात यावर जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही. फ्रीझरमध्ये आधीपासून बांगडे होते, एवढं सांगतो.

पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा पेटी उघडली तर वास बदललेला. अमोनिया गेला होता, लाकूड आणि कोको वर आले होते. खरा डी-४ मला इथून पुढे कळला. पहिल्या एक-तृतीयांश भागात मिरी आहे, पण ती नाकातून धूर सोडलात तरच जाणवते. जिभेवर ओली माती आणि भाजलेलं लाकूड. मधला भाग याचा सगळ्यात सुंदर. कोरी कॉफी, कडू कोको, चामडं, आणि मधूनच एक गोडसर झाक. ती काकवीची म्हणावी की मनुकांची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटच्या भागात पुन्हा कडक होतो. पट्टी उतरवून बोटभर पुढे गेलं की मी ठेवून देतो. तिथून पुढे चव कमी आणि चटका जास्त.

ओढायची घाई केली की सगळं बिघडतं. मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढलात तर आतली पानं तापून कडू होतात आणि तासाभराचा सिगार अर्ध्या तासात जिभेची साल काढून मोकळा होतो. कापताना टोपीचा, म्हणजे तोंडाकडच्या बंद टोकावरच्या पानाचा, फक्त दोनएक मिलिमीटर भाग काढायचा. टोपीची कड संपते त्याच्या खाली पातं गेलं तर वरचं पान उलगडत येतं. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या काही झुरक्यांत उतरतो. ब्युटेनचा चालतो. पेटीतल्या दोन थरांमध्ये सीडार लाकडाचा जो पातळ पत्रा असतो त्याच्या काड्या फाडून पेटवला तर बाहेरचा वास लागायचा प्रश्नच नाही. पावसाळी हवेत सिगार एका बाजूने जळत जातो. ओढायच्या आदल्या दिवशी तो डब्यातून काढून एसीच्या खोलीत नुसता लाकडी खोक्यात ठेवला की जळणं बरंच सरळ होतं.

रिकाम्या पोटी हा सिगार ओढू नका. निकोटीन भरपूर आहे, घाम फुटतो, गरगरतं. जेवणानंतर, सोबत गूळ घातलेला कोरा चहा. हे जमतं. सिंगल माल्टपेक्षा मला जुनी रम बरी वाटली, दोन्हीकडे मळीचा गोडवा आहे म्हणून असेल.

‘आम्ही धूर आत घेत नाही’ हे सिगारवाल्यांचं आवडतं वाक्य. धूर छातीत न घेताही तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो. सिगारेटमध्ये एक ग्रॅमही तंबाखू नसते, मोठ्या सिगारमध्ये तिच्या कितीतरी पट असते. न ओढणाऱ्याने माझं वाचून सुरुवात करावी असं यात काहीही नाही, आणि मीही म्हणूनच पेटी महिनोन्‌महिने पुरवली. गॅलरीत ओढायचीही सोय नाही. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. त्यामुळे गच्ची.

पैशांचं म्हणाल तर एका सिगारच्या दरात मालवणी हॉटेलात दोघांचं सुरमईचं ताट आरामात होतं. तरी घ्यायचाच असेल तर दहाची पेटी घ्या, तीही जुन्या तारखेची. पंचवीसची घेतलीत तर पहिले सहा महिने तिकडे फिरकू नका. डब्यात आता उरलेत ते मी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी ठेवलेत. मेव्हणा पुन्हा जाणार आहे, त्याला या वेळी याच घराण्यातले ‘शॉर्ट्स’ नावाचे सिगार सांगितलेत. ११० मिलिमीटरचे, बारीक, अर्ध्या-पाऊण तासात संपणारे. छत्री धरून गच्चीवर तासभर कोण बसतंय.